केकवरचं अक्षर

माझं काम केकवर नावं लिहिण्याचं.
फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स, दुकान नंबर सतरा,
बेकरीच्या काचेमागं तेवीस वर्षं.
कुणाची पन्नाशी, कुणाचं बारसं,
एकदा एकीच्या घटस्फोटाचाही केला, निळा.

म्हणून मार्चमध्ये बोलणी फिसकटली तेव्हा
लुर्द्स म्हणाली, पाट्या तू लिही.
लिहिल्या रात्रभर, जेवायच्या टेबलावर.
हाताला सवयच तशी,
प्रत्येक अक्षराला शेपटी आली, टोकाला फूल.
सकाळी दारापुढं ओळीनं उभे राहिलो
तर गाड्यांतली माणसं हसायला लागली.
संप कसला, लग्नघर दिसत होतं.

मागणी केवढी?
तासाला साठ सेंट वाढ,
आणि दवाखान्याचा विमा आहे तसा राहू दे.
लुर्द्स वाटाघाटींना बसायची,
अठ्ठावीस वर्षं हॅम कापणारी बाई.
तिनं सांगितलं, वकिलांच्या बाजूला
बिस्किटांची ताटली होती, आपल्या बाजूला नव्हती.
बिस्किटं आपलीच गं, तू भाजलेली.

चौथ्या दिवशी बर्फ आणि पाऊस एकदमच.
भाजीचा ट्रक आला, अठरा चाकांचा.
ड्रायव्हरनं काच खाली केली,
पाट्या वाचल्या, शेपट्या-फुलांसकट,
आणि काही न बोलता ट्रक मागं घ्यायला लागला.
टूं, टूं, टूं.
त्या आवाजाला कुणी टाळ्या वाजवतं का?
आम्ही वाजवल्या, हातमोज्यांतून, फदफद.

म्हातारे पाशेको रोज यायचे रिकामी पिशवी घेऊन,
दारापर्यंत येऊन वळायचे.
पेट्रोलपंपावरून दूध घ्यायचे, दीडपट दरानं,
आणि पावती आम्हाला दाखवायचे
शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी.

सहाव्या दिवशी तियागो आत गेला.
एकोणीस वर्षांचा, ट्रॉल्या गोळा करणारा.
टोपी नाकापर्यंत ओढलेली.
फितूर, ओरडलं कुणीतरी, मग सगळेच.
मीही तोंड उघडलं होतं.

इचलकरंजीत वडील मागावर होते.
एका संपात, तेराव्या दिवशी
मागच्या दारानं कामावर गेले.
माझी फी भरायची होती.
पुढं किती वर्षं त्यांच्या शेजारी
डबा उघडायला कुणी बसलं नाही.
घरी ते बोलले नाहीत.
शेंगदाण्याची चटणी तेवढी परत यायची, तशीच.

मी ओरडले नाही.
पाटीही खाली घेतली नाही.

अकराव्या रात्री पावणेतीनला फोन.
पस्तीस सेंट. विमा वाचला.
नव्या पोरांचं पेन्शन गेलं.
लुर्द्सचा आवाज बसलेला, म्हणाली,
यापेक्षा जास्त हलत नव्हते गं.
रविवारी चर्चच्या तळघरात मतदान.
माझा हात वर होता.
कोपर दुखत होतं, तरी पटकन गेला वर.

परतलो तेव्हा दुकानात आंबलेल्या दुधाचा वास.
मॅनेजरनं पहिली ऑर्डर दिली:
मोठा केक, सगळ्यांसाठी, वर ‘स्वागत’ लिही.
लिहिलं.
शेपटी नाही, फूल नाही.
त्यानं बराच वेळ बघितलं, म्हणाला, छान.

दुपारी जेवणाच्या खोलीत
तियागो भिंतीकडं तोंड करून बसलेला,
कानात गाणी, हातात गार सँडविच.
चार टेबलं भरलेली, त्याचं रिकामं.
पस्तीस सेंट त्यालाही मिळाले होते.
पेन्शन त्याचंच गेलं होतं.
ते त्याला कुणी सांगितलं होतं की नाही
मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

समोर बसले. डब्याचं झाकण काढलं.
वांग्याचा वास पसरला.
त्यानं खुर्ची थोडी मागं घेतली.
उठला मात्र नाही.